फळ्यांखालची गाडी

त्या वर्षी उन्हाळा तीन आठवडे आधी आला आणि मेंढ्यांच्या अंगावरची लोकर तशीच राहिली. दुपारी माळावर एकही कळप उभा दिसेना. जिथे हातभर सावली सापडे तिथे मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून धापा टाकत पडत, आणि सावली सरकली की सगळा ढीग कुरकुरत तिच्यामागे सरके. आठ दिवसांनी कळप डोंगरावरच्या कुरणाकडे निघायचे होते. लोकरीच्या ओझ्यासकट ते चढावर नेले तर निम्मी जनावरे वाटेतच बसतील, हे कळायला कोणी जाणता लागत नव्हता. म्हणजे आठ दिवसांत सहा कळप कातरून व्हायला हवे होते. आणि हे कळप गेली अकरा वर्षे ज्याच्या हातून कातरले जात, त्याचा उजवा खांदा निखळलेला होता.

खांदा निखळला तो घरच्याच एडक्यापायी, शिंगवाल्या मेंढ्यापायी. गव्हाणीत वैरण टाकताना एडक्याने मागून येऊन त्याला भिंतीशी असे चेपले की, त्याच्या बायकोला अंगणात आवाज ऐकू आला. डॉक्टरने खांदा बसवला. पण हात छातीच्या वर जाईना आणि वजन उचलले की बोटे थरथरत. "आठ दिवसांत मोकळा होईल," असे तो भेटेल त्याला सांगे. हे आठ दिवस सहा आठवडे चालले होते.

बायकोचे काम कातरलेली लोकर उचलून, झटकून, गुंडाळून पोत्यात भरण्याचे. निदान लोकांच्या लेखी तेवढेच. प्रत्यक्षात गेली चार वर्षे, दिवस उतरू लागला आणि नवऱ्याची कंबर धरली की, कळपातल्या शेवटच्या वीस-तीस मेंढ्या तीच कातरीत असे. कळपवाले तेवढ्यात चहाला गेलेले असत. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच ती कोणी बोलून दाखवीत नसे.

माळावर विजेची जोडणी एकाच ठिकाणी होती: पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये. तिच्या मालकाला सगळे पत्रेवालाच म्हणत. दर हंगामाला तो शेडच्या भाड्यापोटी दहा लोकरींमागे एक उचलून घेई. नवरा-बायको त्याच्याकडे दिवस ठरवायला गेली, तेव्हा तो खुर्ची दारात टाकून पाय धूत बसला होता. पाय धुणे त्याने थांबवले नाही.

"यंदा मी बाहेरून माणसं बोलावलीत," तो म्हणाला. "चौघं आहेत. चार मशीनं. परवा येतील."

"आणि आम्ही?" नवऱ्याने विचारले.

"तुम्हीही या की. मी कुठं नाही म्हणतोय? तू मेंढ्या आणून द्यायच्या, हिनं लोकर गुंडाळायची. तुझ्या म्हाताऱ्या बापाला मात्र घरी ठेवा. पायात पायात येतो."

"मी कातरते," बायको म्हणाली.

पत्रेवाल्याने तिच्याकडे पाहिले नाही. दुसरा पाय तांब्याखाली धरीत त्याने नवऱ्याला विचारले, "काय म्हणतेय ही?"

"करते ती आपली मदत," तो म्हणाला.

"मदत वेगळी. माझ्या छपराखाली बाईच्या हातात मशीन नको. एखाद्या मेंढीला पातं लागलं तर कळपवाले माझ्या दारात येऊन बसतील, हिच्या नाही."

"गेल्या साली शेवटच्या तीस कुणी कातरल्या ते विचारा त्यांना," ती म्हणाली. "एकीला तरी ओरखडा होता का, तेही विचारा."

"मला कशाला विचारायचं? लाइट माझी आहे." त्याने तांब्या पालथा घातला. बोलणे संपले, असा त्याचा अर्थ होता.

परतताना गाडीत तिच्या डोक्यात तोच शब्द फिरत होता. 'मदत' हा शब्द नवऱ्याने लाजेपोटी वापरला, हे तिला कळत होते. पण लाज कोणाची आणि ती झाकायची कोणी, हा प्रश्न तिच्या मते निराळा होता.

आता या गाडीविषयी. ती आठ महिन्यांपूर्वी घरी आली होती: नवी कोरी, करड्या रंगाची, मागे ऐसपैस हौदा असलेली पिकअप. नवऱ्याने आयुष्यात कोणत्याही वस्तूचे इतके लाड केले नव्हते. सीटवरचे प्लास्टिक त्याने काढू दिले नाही. उन्हात ते मांड्यांना चिकटे आणि उठताना कातडे सोलल्यासारखा आवाज होई, तरी नाही. स्टिअरिंगजवळच्या बटणांवरची पातळ झिल्लीसुद्धा तशीच होती. आणि मेंढ्यांच्या खुरांनी, मुतण्याने हौदा खराब होऊ नये म्हणून, गाडी आली त्याच दिवशी, त्याने तळाला आणि तिन्ही बाजूंना जुन्या फळ्या ठोकून घेतल्या होत्या. फाळक्यालाही आतून फळी होती. गाडीसोबत आलेले जाडजूड पुस्तक तीन पिशव्यांत गुंडाळून कपाटात, घराच्या कागदांखाली ठेवले होते. ते उघडून वाचावे असे कोणाच्या मनात आले नाही. नव्या वस्तूचे पुस्तकही नवेच राहायला हवे, इतकेच त्या घराला समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर नेऊन घरच्याच मेंढ्या हाताने कातरून पाहायच्या असे ठरले. सासऱ्याजवळ त्याची जुनी हातकातर होती. त्या कातरीवर त्याने उमर काढली होती, आता मात्र गुडघे गेले होते. पुढच्या दोन सीटवर नवरा-बायको बसत; म्हणून त्याला हौद्यात पोत्यांवर बसवावे लागे. आधी दोघे मिळून त्याला वर चढवीत. खांदा गेल्यापासून सून एकटीच त्याला काखेत हात घालून वर ढकली. तो त्या वेळी डोळे मिटून घेई.

त्याच्यामागून एडका चढवला. तोच एडका. कशाने बिथरला कोण जाणे, त्याने आधी तळाच्या फळीत खूर घातला, मग तो सोडवण्यासाठी अशा लाथा झाडल्या की बाजूची फळी खिळ्यांसकट उपटून आली.

"धर त्याला, धर, गाडी खरवडेल," नवरा खालून ओरडला.

तिने एडक्याला शिंगांना धरून बाहेर काढले. मग तिचे लक्ष उघड्या पडलेल्या बाजूकडे गेले. तिथे पत्र्यात एक काळे झाकण होते आणि झाकणावर विजेची खूण होती. तिने नखाने झाकण उचलले. आत भिंतीवर असतात तशी, प्लग लावायची दोन ठिकाणे.

"हात लावू नको," नवरा म्हणाला. "वॉरंटी जाईल."

"बघण्यानं जाते का?"

पोत्यावरून वाकून पाहत सासरा म्हणाला, "गाडीच्या पोटात लाइट. आणि आपण तिला लाकडाचा सदरा घातला."

एडका दावणीला बांधून ती घरात गेली आणि पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसली. तिन्ही पिशव्या तिने एकात एक घालून बाजूला ठेवल्या. अक्षर बारीक होते. ती बोट फिरवीत, ओळ न सोडता, मोठ्याने वाचू लागली. जे समजत नव्हते ते दोनदा वाची. नवरा आधी 'उशीर होतोय' म्हणाला. मग तोही येऊन उभा राहिला.

पहिला शोध सासऱ्याच्या वाट्याचा निघाला. फाळका पूर्ण उघडला की त्याच्या आतल्या कडेला एक खटका असतो. तो दाबला की पायरी उलगडते आणि धरायला दांडा वर येतो. नवऱ्याने फाळक्याची फळी पहारीने उचकटली. खटका दाबला. पायरी निमूटपणे खाली आली, जणू आठ महिने याचीच वाट पाहत होती.

सासरा हौद्याच्या कडेला आला. दांडा धरला, एक पाय टेकवला, दुसरा टेकवला, जमिनीवर उतरला. परत वर गेला. परत उतरला.

"आठ महिने," तो मुलाला म्हणाला, "आठ महिने मला सिमेंटच्या गोणीसारखं वर टाकलंत. रोज. आता तर एकट्या सुनेच्या हातानं. आणि तू खाली उभा राहून म्हणायचास, बाबा, पाय घासू नका, रंग जाईल."

"मला काय माहीत, मामंजी," सून पुस्तकातून डोके न काढता म्हणाली, "पान एकशे बारावर होतं ते."

"तुला नाही म्हणत सूनबाई. या साहेबांना म्हणतोय."

दुसरा शोध नवऱ्यानेच अपघाताने लावला. किल्लीचे बटण किती वेळ दाबून धरले तर काय होते, हे तिने वाचले न वाचले तोच त्याने ते दाबून धरले, आणि दोन्ही काचा एकदम खाली गेल्या. त्याच घटकेला माळावरून धुळीचा लोट आला आणि प्लास्टिक घातलेल्या सीटवर बोटभर थर बसला. सासरा इतका हसला की त्याला ठसका लागला. नवरा हसला नाही. पण त्याने खोलीतून कात्री आणली आणि सीटवरचे प्लास्टिक आपल्या हाताने कापून काढले.

विजेचे पान सर्वांत शेवटी आले. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवायचे, स्टिअरिंगच्या डावीकडचे बटण दाबायचे, मग हौद्यात चारशे वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून जास्त ओढले तर ती आपोआप तुटते; तसे झाल्यास बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा लावावे. ती उठली, कोपऱ्यातल्या दोन कातरायच्या मशीनांपैकी एक उलटे केले आणि पाठीवरची पट्टी पदराने पुसली. तीनशे ऐंशी.

"एकच चालेल," ती म्हणाली. "पण चालेल."

झिल्लीवरूनच बटण दाबले. मशीन तिच्या मुठीत गुरगुरले. नवरा आजूबाजूला पाहत हळूच म्हणाला, "चोरून लाइट घेतल्यासारखं वाटतंय."

"गाडी आपली, डिझेल आपलं. चोरी कुणाची?"

तिने मशीन बंद केले. तो खाली बसून निघालेल्या फळ्यांतले खिळे डाव्या हाताने उपटू लागला. तिच्याकडे न पाहता म्हणाला, "लोकांना सांगताना असं सांगू. कातरणारा मीच. तू माझ्या हाताखाली. माणसं मग येतील तरी."

ती मशीनच्या पात्याला तेल सोडू लागली. सासऱ्याने कातरीच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी माळावरच्या मोकळ्या गायरानात उभी राहिली. शेड तिथून दोनशे पावलांवर होती. फाळका पाडला, हौद्याच्या तोंडाशी ताडपत्री अंथरली, दुसरी ताडपत्री बाजूच्या सरकत्या कड्यांना बांधून तिची सावली केली. त्या कड्याही काल फळ्यांखालीच सापडल्या होत्या. सासरा पायरीवर बसला. जागा त्याच्या मापाची होती: पाय जमिनीला टेकत आणि गुडघे दुमडत नसत.

सहापैकी एकच कळपवाला आला, सर्वांत लहान कळपाचा, बत्तीस मेंढ्यांचा. तोही आला तो शेडमध्ये त्याचा नंबर शेवटचा होता म्हणून.

तिने पहिली मेंढी पुढच्या पायांना धरून उलटी केली, बुडावर बसवली, पाठ आपल्या गुडघ्यांशी टेकवली. अशी बसवली की मेंढी शरण जाते. डोळे उघडे, मान सैल, एखादी आजारी बाई पाहुण्यांपुढे बसावी तशी. पोटापासून सुरुवात केली. मग मागचा पाय, शेपटी, मग मानेखालून वर. कातडी ताणायला डावा हात, फिरवायला उजवा. लोकर बाहेरून मातकट आणि आतून सायीसारखी पांढरी निघत होती, एकसंध, गोधडी उलगडावी तशी. नवरा डाव्या हाताने मेंढ्या आणून देई. सासरा सुटलेल्या मेंढीच्या पायांचे, तोंडाचे केस हातकातरीने साफ करी. बाराव्या मेंढीला तिच्या मनगटापर्यंत लोकरीचे तेल चढले होते आणि पाठीत, कमरेच्या वर, कोणीतरी खुंटी ठोकल्यासारखे होत होते.

तेवढ्यात पत्रेवाला येताना दिसला. त्याला पाहताच नवऱ्याच्या मनात काय आले ते त्यालाच ठाऊक. त्याने पेटीतून स्वतःचे मशीन काढले, एक मेंढी धरली आणि दुसऱ्या जागी प्लग घातला.

दोन्ही मशीने एकदम मुकी झाली.

"काय झालं?" पत्रेवाला जवळ येत म्हणाला. "खेळणं बंद पडलं का?"

कळपवाला हातातली काठी या हातातून त्या हातात घेऊ लागला. तिच्या गुडघ्यांत अर्धी कातरलेली मेंढी बसली होती. ती सुटली असती तर अर्धे अंग उघडे, अर्धे झाकलेले असे घेऊन माळभर धावली असती, आणि ते दृश्य त्या गावाने दहा वर्षे सांगितले असते. तिने गुडघे आवळले.

"अहो," ती आवाज न चढवता म्हणाली, "तुमचा प्लग काढा. बटण बंद करा. वीस मोजा. मग लावा."

तो गेला. सासरा पायरीवरून पुढे वाकून तीच मेंढी हातकातरीने कातरू लागला, जणू हे असेच ठरले होते. नवऱ्याचे मोजणे चौघांनाही ऐकू येत होते. वीस झाले. मशीन गुरगुरले.

नवऱ्याने आपले मशीन पेटीत ठेवले आणि झाकण लावले.

"एका मशीनवर सहा कळप," पत्रेवाला म्हणाला. "आठ दिवसांत. चांगलं आहे."

"दिवस तुम्ही मोजा," ती म्हणाली. "आम्हाला मेंढ्या मोजायच्यात."

तो दिवस बत्तीसवर संपला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन कळपवाले आले. शेडमधली चार मशीने झपाट्याने चालत होती खरी. पण ती माणसे एकाच जागी दोनदा पाते फिरवीत, त्यामुळे लोकर तुकड्या-तुकड्यांनी निघे, आणि बाहेर पडणाऱ्या मेंढ्यांच्या अंगावर जखमांना लावलेल्या औषधाचे निळे डाग दिसत. ते डाग कोणाला दाखवावे लागले नाहीत. मेंढ्याच ते अंगावर घेऊन माळभर फिरत होत्या.

तिचे दिवस आता मोजदादीचे राहिले नव्हते. पाते तापले की ती ते गालाला लावून पाही, तेल सोडी, पुन्हा धरी. मांड्यांवर खुरांचे काळेनिळे वण उठले. जेवताना बोटे घासाभोवती मिटेनात, तेव्हा तिने भाकरी दोन्ही तळहातांत धरून खाल्ली. नवऱ्याने ते पाहिले आणि पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाशी धरला. चारचौघांत असे त्याने कधी केले नव्हते. पण कोणी विचारले, कसं चाललंय, की तो अजूनही म्हणे, "चाललंय आमचं. हात येतोय मोकळा."

पाचव्या दिवशी दुपारी दोनशेवाली आली. दोनशे मेंढ्यांची मालकीण, साठीची, काटकुळी, बोलण्यात फटकळ. तिचा कळप ज्याच्याकडे जाईल त्याचा हंगाम, असे माळावर समजले जाई. शेड आणि गाडी यांच्या मधोमध तिने कळप थांबवला. पत्रेवाला लगबगीने पुढे झाला.

"मावशी, आत घ्या. सावली आहे, पाणी आहे. चार मशीनं आहेत."

"ते दिसतंय. निळ्या मेंढ्याही दिसतात." ती गाडीकडे वळली. "इथं कोण कातरतंय?"

"हिचा नवरा, असं ते सांगतात," पत्रेवाला म्हणाला. "विचारा त्यालाच. आणि हात वर करून दाखव म्हणावं."

मशीन चालूच होते. तिने मान वर केली नाही. मेंढीच्या मानेवरून लांब फेरा चालला होता आणि तो मध्ये तोडता येत नव्हता. नवरा एका मेंढीला डाव्या काखेत धरून उभा होता. माळावरची दहा-बारा माणसे त्याच्याकडे पाहत होती.

"मी नाही कातरत," तो म्हणाला. "माझा हात वर जात नाही. सहा आठवडे झाले. जाईल असंही आता वाटत नाही. पहिल्या मेंढीपासून हीच कातरतेय. मी धरतो."

"मग आजवर उलटं का सांगत होतास?" दोनशेवालीने विचारले.

"लाज वाटत होती."

"आणि आता?"

"आता तुमच्या मेंढ्या उन्हात उभ्या आहेत."

लांब फेरा संपला. लोकर ताडपत्रीवर पडली. दोनशेवाली वाकली, तिने ती दोन्ही हातांनी उचलून उन्हाकडे धरली, आतली बाजू पाहिली, कडा चाचपल्या. मग सुटलेल्या मेंढीच्या अंगावरून उलटा हात फिरवला.

"मावशी, बाईच्या हातात कळप देणार तुम्ही?" पत्रेवाला म्हणाला.

"अरे बाबा, कळप आहे तरी कुणाच्या हातात?" ती म्हणाली आणि आपल्या माणसाला मेंढ्या गायरानाकडे वळवायला सांगितले.

पत्रेवाल्याने वळणारा कळप पाहिला. मग गाडीजवळ आला. नवऱ्याशी नव्हे, पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "उद्यापासून ही जागा मोकळी पाहिजे मला. माझे ट्रॅक्टर वळतात इथं."

तिने मशीन थांबवले. कपाळावरचा घाम दंडाने पुसला. दंडावरचे तेल कपाळाला लागले.

"उद्या ओढ्यापलीकडे असू," ती म्हणाली. "तिथंही तुमचे ट्रॅक्टर वळायला लागले तर परवा खिंडीत. मेंढ्यांना चालता येतं, आणि हिला चाकं आहेत."

त्याने तिच्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. तिच्या करड्या पत्र्यावर आता खुरांचे ओरखडे उमटले होते, आणि नवरा त्यावर हात टेकून उभा होता.

"आणा हो पुढची," ती म्हणाली.